‘पुनर्बांधणी पूर्ण’ हा शेरा मागे घ्यावा : पूरग्रस्त गावात मुक्कामी असलेल्या स्वयंसेवकांचे प्रशासनास खुले पत्र

प्रति,
जिल्हा प्रशासन, तालुक्याचा महसूल विभाग आणि पंचायत समितीचा घरकुल कक्ष

सन्माननीय अधिकारी महोदय,

गेल्या मंगळवारी आमच्या गावातील समाजमंदिराच्या दारावर आपल्या कार्यालयाची नोटीस चिकटवण्यात आली. पूरबाधित घरांची पुनर्बांधणी पूर्ण झालेली असल्यामुळे येथे मुक्कामी असलेल्या बाहेरगावच्या स्वयंसेवकांनी ३१ मेपर्यंत समाजमंदिर आणि त्यामागील पत्र्याचे शेड रिकामे करावे, अन्यथा शेड अतिक्रमण समजून काढून टाकण्यात येईल, असे तीत म्हटले आहे. नोटीस घेऊन आलेले कर्मचारी डिंक विसरले होते. त्यांनी आमच्याकडून भाताची पेज मागून घेतली, आणि ते ती दाराला फासत असताना रस्त्याच्या पलीकडे, वीस पावलांवर, एका घराच्या जोत्यात मुरूम चोपण्याचे काम चालू होते. पूर्ण झालेल्या पुनर्बांधणीत कोणी मुरूम चोपत नाही. म्हणून हे पत्र लिहावे लागत आहे.

गावाचे, तालुक्याचे आणि आपल्यापैकी कोणाचेही नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. आपल्याला ते ठाऊक आहे, आणि वाचकांना त्याची गरज नाही. कारण सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगरांतून उतरून गिरणेकडे किंवा तापीकडे धावणाऱ्या कोणत्याही नदीच्या काठी हेच घडू शकते. या नद्या लांबीने लहान आणि उताराने तीव्र आहेत. डोंगरात रात्री पाऊस कोसळला की पहाटे पाणी गावात असते. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर आणि डोंगरी या नद्यांनी चाळीसगाव शहराची व आजूबाजूच्या गावांची काय अवस्था केली, आणि त्याच पावसात कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता कसा बंद पडला, हे खानदेशात कोणाला सांगावे लागत नाही. आमच्या गावात गेल्या भाद्रपदात आलेला पूर त्यामानाने लहान होता. वर्तमानपत्रांत तो दोन दिवस राहिला आणि गावात अजून आहे.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत २६ वर्षे गवंडीकाम शिकवले आणि तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. या गावातील दोन तरुण माझे विद्यार्थी. त्यांच्यापैकी एकाचा फोन आला, की सर, घराचा पूर्वेकडचा कोपरा खचला आहे, येऊन सांगा की ठेवायचा की पाडायचा. आठ दिवसांचे कपडे घेऊन आलो होतो. आज आठ महिने झाले. सध्या आम्ही सहाजण मुक्कामी आहोत : मी, एक निवृत्त परिचारिका, स्थापत्य पदविकेचे शिक्षण संपवलेली दोन मुले आणि एक मुलगी, आणि केळीची बाग भावाच्या हवाली करून आलेला एक शेतकरी. अधूनमधून महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी सात दिवसांच्या शिबिरासाठी येतात. त्यांच्यातील काहीजण घमेले उचलण्यापेक्षा घमेल्यासह फोटो काढण्यात अधिक वेळ घालवतात, हेही येथे प्रामाणिकपणे नोंदवतो. पण त्याच मुलांनी हिवाळ्यात ११ घरांचा चिखल उपसला, आणि शिबिर संपवून गेल्यावर त्यांच्यातील दोघे परत आले ते थेट महिनाभर राहण्यासाठी.

आता हिशेब. आमच्या नोंदवहीप्रमाणे गावातील ६१ घरे राहण्यास निकामी झाली. आपल्या यादीत ४३ आहेत. त्या ४३पैकी ३९ घरांवर छत टाकून झाले असून चार घरे लिंटेलच्या, म्हणजे दार-खिडक्यांवरच्या आडव्या पट्टीच्या, आसपास अडकली आहेत. यादीबाहेरच्या १८ घरांपैकी पाच घरे आम्ही देणग्यांतून आणि गावाच्या श्रमांतून उभी केली. १३ घरांची आज केवळ जागा आहे. म्हणजे १७ कुटुंबे अजून पत्र्याच्या आडोशात, भावकीच्या ओसरीवर किंवा शाळेच्या जुन्या खोलीत राहतात. मृग नक्षत्र लागायला तीन आठवडेही उरलेले नाहीत. आपण ‘पूर्ण’ हा शब्द कोणत्या आकड्यावर लिहिला, हा माझा पहिला प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर पंचनाम्यात आहे, असे मला वाटते, आणि माझी सर्वांत मोठी तक्रार त्या पंचनाम्याविषयीच आहे. आमच्या भागातील जुनी घरे धाब्याची. भिंत भेंड्यांची, म्हणजे मातीच्या कच्च्या विटांची, किंवा नुसत्या मातीची. वर लाकडी कड्या, त्यांवर तुराट्या-पऱ्हाट्या आणि निंबाचा पाला, आणि सर्वांत वर खाऱ्या पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात अशा घरात पंख्याशिवाय झोप लागते, ही गोष्ट सिमेंटच्या स्लॅबखाली राहणाऱ्याला खरी वाटणार नाही. पण असे घर पुरात वेगळ्या रीतीने मरते. पाणी दीड दिवस भिंतीच्या पायथ्याशी थांबते आणि भेंडे ते पिऊन घेतात. पाणी ओसरल्यावर भिंत उभीच दिसते. चार-सहा दिवस कडक ऊन पडले की ओली माती आकसते, पायथ्याशी चिरा धरते, आणि वरच्या धाब्याचे ओझे न पेलून आठव्या-दहाव्या दिवशी, बहुतेक वेळा रात्री, भिंत बसते. आपले पथक पाणी ओसरल्यानंतर तिसऱ्या दिवशी आले, दोन दिवसांत अख्ख्या गावाचे पंचनामे उरकून गेले, आणि त्या दिवशी उभ्या दिसलेल्या भिंतींपुढे ‘अंशतः पडझड’ असे लिहिले गेले. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत त्यांतील नऊ घरे पडली. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२पासूनच्या निकषांप्रमाणे सपाट भागातील पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये मिळतात आणि अंशतः पडलेल्या कच्च्या घराला ४,००० रुपये. म्हणजे भिंत पंचनाम्याच्या आधी पडली की नंतर, एवढ्यावरून एका कुटुंबाचे १,१६,००० रुपये गेले. पथकातील कोणी जाणूनबुजून चूक केली, असे मी म्हणत नाही. ते तिघेजण दोन दिवस चिखलात चालत होते आणि त्यांच्यावर आणखी सात गावे होती. मात्र भिंत पडल्यानंतर नऊ कुटुंबांनी फोटोंसह अर्ज दिले, त्यांच्या पोच आमच्याकडे आहेत, आणि आठ महिन्यांत एकाही अर्जावर फेरपाहणी झालेली नाही. याला मात्र धावपळीचे कारण देता येणार नाही.

यादीबाहेरच्या उरलेल्या नऊ घरांची गोष्ट वेगळी आहे. तेथे नमुना ८, म्हणजे ग्रामपंचायतीतील घरांच्या नोंदीचा उतारा, आडवा आला. तीन भाऊ, तीन चुली, मधे भिंती घालून तीन घरे, पण ग्रामपंचायतीच्या दप्तरी घर एकच, तेही वारलेल्या वडिलांच्या नावावर. तेव्हा भरपाई एका घराची. सासूच्या नावावरील घरात राहणारी एक विधवा. सासू मुलीकडे गेली, म्हणून ‘घर बंद, कोणी राहत नाही’ असा शेरा. गावठाणाच्या कडेला गायरानात राहणारी चार भिल्ल कुटुंबे, ज्यांच्या घरांची कधी कोठे नोंदच झाली नाही आणि ज्यांना झोपडीसाठीचे ८,००० रुपयेही मिळाले नाहीत. त्या विधवा मावशींकडे घराचा उतारा मागितला, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “पानी उनं, घर गयं. आते कागदबी कोठून आनू?” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्या खरोखरच विचारत होत्या. मला उत्तर देता आले नाही. आपल्याला देता येईल, कारण गावकऱ्यांच्या साक्षीने, शिधापत्रिकेवरून, वीजबिलावरून आणि ग्रामसभेच्या ठरावावरून वास्तव्य ठरवता येते आणि अनेक ठिकाणी ते तसे ठरवले गेलेले आहे.

नोटिशीत आम्हाला उद्देशून ‘अनावश्यक मुक्काम’ असे शब्द आहेत. येथे मुक्काम कशासाठी लागतो, ते थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे.

सध्या बाजारात मिळणारे बहुतेक सिमेंट पोझोलाना जातीचे असते, आणि त्याचे काम निदान दहा दिवस ओले ठेवावे लागते. खानदेशातील मे महिन्यात पारा ४४ अंशांवर असताना सकाळी सहाला मारलेले पाणी अकरा वाजेपर्यंत उडून जाते. ठेक्यावरचे गवंडी सायंकाळी पाचला मोटारसायकलीवर आपापल्या गावी निघतात. घरमालक आणि मालकीण मजुरीला गेलेले असतात, कारण घर पडले म्हणून पोट थांबत नाही. मग दुपारी गोणपाटे भिजवायची कोणी आणि रात्री नऊला पुन्हा पाणी मारायचे कोणी? ज्या घरांना पाणी मिळाले नाही, त्यांच्या कोपऱ्यावर नखाने खरवडले तरी वाळू हाताला लागते. पंचायत समितीच्या फोटोत पाणी मिळालेले आणि न मिळालेले घर सारखेच दिसते.

दुसरे उदाहरण पायाचे. मंजूर नकाशात पाया सरसकट तीन फूट आहे. गावाच्या वरच्या आळीला तेवढा पुरतो, कारण दोन-अडीच फुटांवर मुरूम लागतो. खालच्या आळीत काळी माती पाच फुटांपर्यंत जाते. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देऊन आकसते. तिच्यावर टेकवलेली भिंत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चिरते. आम्ही तेथे मुरुमापर्यंत खोदून घेतले. एका घराच्या वेळी तर खड्डा मारून झाला होता, तळ कडक लागला होता आणि दुसऱ्या दिवशी काँक्रीट ओतायचे ठरले होते. रात्री जेवणानंतर शेजारचे आजोबा तंबाखू मळत सहज बोलून गेले, की त्या कोपऱ्यात त्यांच्या लहानपणी ज्वारीचे पेव, म्हणजे धान्य साठवण्याचा जमिनीतला खड्डा, होते. सकाळी पहार मारून पाहिली, तर दीड फुटाखाली पोकळ आवाज. वर चांगली भर घातलेले आठ फूट खोल पेव निघाले. ते आजोबा दिवसा सर्वेक्षणाला आलेल्या माणसाशी हे बोलले नसते, कारण त्यांना कोणी विचारले नसते आणि त्यांनाही ते सांगण्याजोगे वाटले नसते. मुक्कामाचा उपयोग असा असतो, आणि त्याची नोंद कोणत्याही रकान्यात होत नाही.

आमच्या चुकाही येथे सांगतो, म्हणजे त्या आपल्याला दुसऱ्याकडून ऐकाव्या लागणार नाहीत. पहिल्या तीन घरांना आम्ही ओटे केले नाहीत. साहित्य वाचवण्याचा विचार माझाच होता. महिनाभरात दिसून आले, की त्या घरांतील बाया धान्य निवडायला आणि संध्याकाळी टेकायला समोरच्यांच्या ओट्यावर जातात, आणि समोरच्यांच्या चेहऱ्यावर ते उमटते. मग आम्ही तिन्ही ओटे नंतर जोडले; त्यांचा सांधा अजून दिसतो. मार्चमध्ये आमच्यातील एक मुलगा परांचीवरून पडून त्याचे मनगट मोडले. परांचीला आडवा दांडा बांधलेला नव्हता. तो बांधला आहे की नाही, हे पाहणे माझे काम होते आणि ते मी पाहिले नव्हते. आपल्या नोटिशीत ‘सुरक्षिततेच्या कारणास्तव’ असे जे लिहिले आहे, त्याचा उगम हा अपघात असेल, तर त्या काळजीला मी अवाजवी म्हणणार नाही. शिरस्त्राणे, दांडे, प्रथमोपचार, विमा, रोजची हजेरी, रात्री काम न करणे, अशा ज्या अटी घालाल त्या लेखी द्याव्यात. आम्ही त्या पाळू. मात्र एका मनगटाचे कारण देऊन १७ घरांचे काम थांबवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

गावावर आमचा भार पडतो, अशीही तक्रार आपल्याकडे गेल्याचे कळते. पहिले पंधरा दिवस तो पडला. पुरात ज्यांच्या कणग्या भिजल्या, त्या घरांतून आम्हाला कळण्याच्या भाकरी आणि ठेचा येत होता आणि आम्ही तो खात होतो. लाज वाटली, तेव्हा स्वतःची चूल मांडली. शिधा आमचा, सरपण आमचे, आणि टँकरच्या पाण्यात आमची पाळी गावानंतर. तरी कोणीतरी संध्याकाळी वांग्याचे भरीत आणून ठेवते. ते मात्र आम्हाला बंद करता आलेले नाही.

वाळूविषयी थोडक्यात लिहितो. घरकुलाच्या लाभार्थ्याला पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याचे शासनाचे धोरण आहे. आमच्या गावाला नदी लागून आहे आणि तिच्या पात्रात पुराने आणून टाकलेली वाळू डोळ्यांना दिसते. तरीही लाभार्थ्यांना जो घाट नेमून दिला तो इतका दूर आहे, की ट्रॅक्टरच्या भाड्यात वाळूची फुकटाई बुडून जाते. गावातील पात्रातून एक ट्रॉली भरून आणली, तेव्हा ट्रॅक्टर अडवून दंडाची भाषा झाली. कायदा पाळावा, याबद्दल दुमत नाही. परंतु रात्री दीडच्या सुमारास त्याच पात्रातून डंपर जाताना समाजमंदिरात झोपलेल्यांना ऐकू येतात, आणि बाहेरगावचे स्वयंसेवक येथे राहू नयेत असे वाटणारे कोण असावेत, असा प्रश्न त्या आवाजाने मनात येतो. मी आरोप करीत नाही. मनात येणारा प्रश्न लिहिला.

हप्त्यांचेही तसेच आहे. जोते, लिंटेल, छत अशा टप्प्यांवर फोटो घेतल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. ही पद्धत मुळात चांगली आहे, आणि ती मी माझ्या विद्यार्थ्यांना शिकवीत आलो. मात्र फोटो घेणारे अभियंते महिन्यात एकदा येतात. अडकलेल्या चार घरांपैकी दोन घरांची लिंटेल पातळी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण झाली आणि फोटो अद्याप झालेला नाही. सेंट्रिंगचे भाडे रोज चढते आहे. गावातील दुकानातून उधारीवर आणलेल्या सिमेंटला जामीन म्हणून माझी सही आहे, एवढे स्वतःविषयी सांगतो.

आपण हे काम आता एका ठेक्यात एकत्र करून, उरलेली मंजूर घरे एकाच नकाशावर उरकण्याच्या विचारात आहात, असे बैठकीत सांगण्यात आले. त्याआधी आपल्याच राज्याचा अनुभव आठवावा. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घरे मजबूत झाली, पण सरळ रस्त्यांच्या आणि सारख्या चौकटींच्या त्या वसाहतींत जुन्या आळ्या, भावकी आणि गोठे यांना जागा शोधावी लागली. ज्या गावांत मात्र घराची दुरुस्ती व मजबुतीकरण कुटुंबांच्याच हाती देण्यात आले, तेथे गावातील बायकांनी ‘संवाद सहायक’ म्हणून घरोघरी माहिती पोहोचवली. पुढे २६ जानेवारी २००१च्या कच्छ भूकंपानंतर गुजरातमध्ये हाच धागा मोठ्या प्रमाणावर वापरला गेला : पैसे टप्प्याटप्प्याने मालकाला, तपासणी अभियंत्याकडे, आणि घर कसे असावे याचा निर्णय त्यात राहणाऱ्यांकडे. आमच्या गावाची गरज तर याहून लहान आहे. २६९ चौरस फुटांच्या घरात एक ओटा, बाहेर चुलीला आडोसा, बैलासाठी चार हात जागा, आणि देवळी असलेली एक सरळ भिंत. ही भिंत कशासाठी, असे बैठकीत विचारले गेले होते. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशातील घराघरांत कानबाई ही देवी बसते. तिच्याआधी घर सारवून-रंगवून निघते, आणि भावकीचा रोट त्या घरात शिजतो. “औंदा कानबाई कोठे बसाडू?” हे मी फेब्रुवारीपासून तीन निरनिराळ्या घरांतून ऐकत आहे. नकाशा काढणाऱ्याने हे ऐकलेले नसेल, तर तो त्याचा दोष नाही. पण आता ऐकल्यावर बदलायला हरकत नसावी.

एका मुद्द्यावर आपले म्हणणे माझ्यापेक्षा बरोबर असू शकते, आणि तो टाळून पुढे गेलो तर हे पत्र अप्रामाणिक होईल. उरलेल्या १७ घरांपैकी सहा घरे नदीच्या अगदी लगत आहेत. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखली, तर ही सहा घरे बहुधा निळ्या रेषेच्या आत येतील आणि तेथे पुन्हा बांधणे शहाणपणाचे ठरणार नाही. त्या कुटुंबांना गावठाणात दुसरी जागा द्या. आम्ही तेथे पाया खोदू. परंतु आमच्या नदीवर रेषा अद्याप आखलेली नाही, आणि आठ महिने ‘रेषा येईपर्यंत थांबा’ असे सांगितल्यानंतर एकाएकी ‘पुनर्बांधणी पूर्ण’ असे सांगणे, या दोन गोष्टींचा मेळ लागत नाही. थांबायचे असेल तर थांबण्याची जागा द्यावी लागते, आणि १५ जूननंतर पत्र्याचा आडोसा ही थांबण्याची जागा नसते.

आमच्या मागण्या अशा आहेत. समाजमंदिर व शेड रिकामे करण्याची नोटीस मागे घेऊन १७ घरांवर छत टाकून होईपर्यंत आणि त्या छताचे पाणी मारून होईपर्यंत मुक्कामाची लेखी परवानगी द्यावी. त्यानंतर शेड आम्ही स्वतः उतरवू आणि त्याचे पत्रे गायरानातील कुटुंबांना देऊ. पंचनाम्यानंतर पडलेल्या नऊ घरांची व नोंद नसलेल्या नऊ घरांची फेरपाहणी ग्रामसभेसमोर, चूल हे एकक धरून, ७ जूनच्या आत करावी. त्यांतील पाच घरे आम्ही बांधली म्हणून त्यांचा हक्क बुडालेला समजू नये, कारण त्या कुटुंबांनी उसनवारी केलेली आहे. अभियंत्यांनी आठवड्यातील एक दिवस नेमून यावे आणि पाहणीनंतर आठ दिवसांत हप्ता जमा व्हावा. पाच ब्रास वाळू गावालगतच्या पात्रातून, महसूल कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली मोजून द्यावी. खालच्या आळीत पायाची खोली मातीप्रमाणे ठरवण्याची आणि नकाशात ओटा व देवळीची मुभा द्यावी. नदीलगतच्या सहा कुटुंबांना पूररेषेचा निर्णय होईपर्यंत शाळेच्या दोन खोल्या पावसाळ्यापुरत्या द्याव्यात आणि तसा आदेश मुख्याध्यापकांना द्यावा, कारण त्यांची तयारी असूनही आदेशाशिवाय त्यांचा नाइलाज आहे. यांपैकी बहुतेक मागण्यांसाठी नव्या निधीची गरज नाही, सही लागते.

परवानगी मिळाली नाही, तर आम्ही शेड सोडू. आपल्याशी झटापट करण्यासाठी येथे कोणी आलेले नाही. गावातील तीन कुटुंबांनी आपल्या नव्या घरात आम्हाला झोपायला जागा देऊ केली आहे, तेव्हा मुक्काम हलेल, काम हलणार नाही. पण सिमेंटच्या थैल्या, सळई आणि साचे ठेवायला छताखाली जागा राहणार नाही, आणि पावसात भिजलेले सिमेंट फेकून द्यावे लागते, एवढे नुकसान त्या नोटिशीने नक्की होईल.

येत्या शुक्रवारी पहाटे पाच वाजता, अडकलेल्या चार घरांपैकी एका घराची लिंटेल पट्टी भरायची आहे. ऊन चढण्याआधी माल संपवायचा असल्याने काम नऊपर्यंत आटोपेल. आपल्यापैकी कोणी आले, तर नोंदवही, पंचनाम्यानंतर पडलेल्या भिंतींचे तारखांसहित फोटो, अर्जांच्या पोच आणि १७ घरांची यादी तेथेच पाहता येईल. रस्ता पुलापर्यंत चांगला आहे. पुलापलीकडे गाडी ठेवून दहा मिनिटे चालावे लागते.

आपला विश्वासू,
निवृत्त गवंडीकाम निदेशक,
समाजमंदिरात मुक्कामी असलेल्या सहा स्वयंसेवकांच्या वतीने